मोहाखालचा जाळ आणि दीडचा उपग्रह

नागसेन गजभिये भित्रा आहे, हे त्याच्या ऑफिसात नव्याने आलेल्या माणसालाही जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळतं. तो लिफ्टने येत नाही. पंखा डुगडुगला तर खुर्ची सरकवून बसतो. घरी कुकर शिट्ट्या देऊन पूर्ण गप्प झाल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. मोटरसायकल चाळीसच्या वर नेत नाही, त्यामुळे कामठी रोडवर लग्नाची वरात सोडली तर त्याच्या मागे कोणी राहत नाही. त्याची बायको मोनाली सांगते, "मले पाहायले आला तेव्हा चहा इतका फुंकला, इतका फुंकला, का मले वाटलं हा नाई म्हणून राहिला."

अशा माणसाच्या वाट्याला नोकरी आली ती धुरावर पाळत ठेवण्याची. नागपुरात सदरमध्ये एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर खासगी कंपनीचं छोटं ऑफिस आहे. तिथे उपग्रहांनी काढलेली विदर्भाची चित्रं दिवसभर उतरत असतात. धूर कुठे उठला, धूळ कुठून निघाली, वारा त्यांना कोणत्या गावावर नेऊन सोडणार, हे ओळखायचं आणि संध्याकाळी बुलेटिन काढायचं. छातीचे दवाखाने, काही शाळा, काही कारखाने ते बुलेटिन घेतात. वाचतात की नाही, हे उपग्रहाला दिसत नाही.

नागसेनचा या कामात हात बसला होता. धुराला डोकं असतं, बारीक आणि दाट, आणि मागे शेपूट पसरत जातं. धुळीला डोकं नसतं. ती सगळीकडून एकदम येते, नातेवाइकांसारखी. सावनेरकडच्या कोळशाची भुकटी, शेतात पेटवलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा धूर, उन्हाळ्यात राजस्थानकडून सरकत येणारा पिवळट पडदा, ही सगळी त्याच्या ओळखीची मंडळी. अर्थात स्क्रीनवर. रस्त्यात कुणी कचरा पेटवलेला दिसला की तो दुसऱ्या गल्लीने जात असे.

त्याची आई अंजनाबाई पारशिवनीच्या पुढे, जंगलाला खेटून असलेल्या उमरपाणी या खेड्यात राहायची. वडील देवराव जाऊन बराच काळ लोटला, तेव्हापासून एकटीच. तिच्याकडे भीती नव्हती. धाडस वगैरेही नव्हतं. भीतीची गरजच पडली नसावी. एकदा मोहाची फुलं वेचताना समोरून वाघ गेला. नागसेनने घाम पुसत विचारलं होतं, "मंग तू काय केलं माय?"

"काय कराचं? त्यानं पायलं, मी पायलं. त्याले मोहफुलं नाई लागत, मले सांबर नाई लागत."

एप्रिलमध्ये मोह गळतो. फूल पहाटे पडतं, फिकट पिवळं, रसाने जड, आणि वाळल्या पाचोळ्यात पडलं की सापडत नाही. म्हणून त्या भागातल्या बाया मोहाखालचा पाचोळा आधीच जाळून टाकतात. झाडाखाली काळंभोर गोल अंगण तयार होतं आणि सकाळी त्यावर फुलं सांडलेल्या लाह्यांसारखी दिसतात. कायद्याला हे मान्य नाही. जंगल खात्याची माणसं दर वर्षी येऊन तसं सांगतात आणि बाया दर वर्षी मान डोलावतात. जाळायचं ते संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर, वारा पडल्यावर, हिरव्या फांदीने कडा ठोकत ठोकत. अंजनाबाईच्या सासूने असंच केलं, त्या सासूच्या सासूने असंच.

गेल्या वर्षी नागसेनने एका सकाळी आदल्या रात्रीचं चित्र उघडलं आणि उमरपाणीच्या डोक्यावर आगीचा लाल ठिपका पाहिला. संध्याकाळी पेटवलेल्या पाचोळ्यातलं एखादं लाकूड रात्रभर धुमसत राहिलं असणार. ठिपक्याला नाव नसतं. नागसेनला त्यावर आईचं नाव स्वच्छ दिसलं. असे ठिपके जंगल खात्याकडेही जातात, हे आठवून त्याचं जेवण गेलं आणि रविवारी तो गावी पोचला.

"माय, तू पाचोळा पेटवते ते वरून दिसते."

"कोणाले?"

"उपग्रहाले. तो फोटो काढते. फारेस्टवाल्यायले मेसेज जाते. केस होईन तुह्यावर."

अंजनाबाईने छपराकडे पाहिलं. "किती वाजता?"

"काय किती वाजता?"

"जाते किती वाजता तो वरून?"

नागसेनला प्रश्न अभ्यासू वाटला. आपल्या कामात घरच्यांनी रस घेण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याने खुलासेवार सांगितलं, "दुपारी दीडच्या आसपास एकदा, आन् रात्री दीडच्या आसपास एकदा."

अंजनाबाईने मान डोलावली. नागसेन समाधानाने परतला. ही मान जंगल खातं इतकी वर्षं ओळखून होतं. पोटच्या पोराला तेवढी ओळखता आली नाही.

यंदाच्या एप्रिलातल्या त्या दुपारी दीडच्या उपग्रहाचं चित्र स्वच्छ आलं. जंगलभर एकही ठिपका नव्हता आणि नागसेनने बुलेटिनच्या मसुद्यात तसं लिहूनही टाकलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत फक्त दुसऱ्या एका उपग्रहाची चित्रं येत राहतात. हा कुठे जात-येत नाही. विषुववृत्तावर एका जागी ठाण मांडून असतो आणि दर अर्ध्या तासाने एक चित्र पाठवतो. चित्र पुसट असतं, म्हणून ऑफिसात त्याला फारसा मान नाही. गेल्या वर्षी आईशी बोलताना नागसेनला त्याची आठवणही झाली नव्हती.

चारच्या सुमारास या दुसऱ्याच्या चित्रात पारशिवनीच्या वरच्या अंगाला एक करडा डाग दिसला.

"ढग असंल," शेजारच्या खुर्चीवरचा रजत म्हणाला. रजत तरुण आहे आणि कशालाच भीत नाही. आपलं अजून लग्न व्हायचंय, असं तो याचं कारण सांगतो.

"एवढ्या उन्हात एकटा ढग?"

"रस्ता चुकला असंल बिचारा."

पुढच्या चित्रात डागाला शेपूट आलं होतं. शेपूट मौद्याच्या दिशेने पसरत होतं आणि डोकं बारीक, दाट होतं. नागसेनने गावांचा नकाशा चित्रावर चढवला. पेंच नदीचं वळण जागेवर बसलं, तलाव बसला, आणि डोक्याच्या अगदी खाली उमरपाणी आलं. त्याने नकाशा काढून पुन्हा चढवला. उमरपाणी हललं नाही.

आईचा फोन बंद होता. बोलणं झालं की ती फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवते. त्याने गावातल्या किराणावाल्या भैयाजीला लावला.

"भैयाजी, माय कुठं हाय?"

"मोहाखाली गेली गा दुपारीच. आगपेटी नेली माह्याकडून. मी म्हटलं, काकू, एवढ्या उन्हात काहून जाऊन राहिली, संध्याकाळी जाय ना. तर म्हणे, आता टाइम बदलला."

"काय बदलला?"

"टाइम. दुपारचा गेला का पेटवाचं म्हणे, रात्रीचा येईलोक राख थंडी. मले काही समजलं नाई. येष्टीचं बोलून राहिली होती काय?" भैयाजीच्या मागे माणसांचा आरडाओरडा ऐकू येत होता. "धूर लय हाय नागसेन तिकडं. पोट्टे गेले हायेत. तुही माय काही दिसली नाई अजून."

नागसेनला सगळं एका झटक्यात समजलं. आईचा हिशोब चोख होता. संध्याकाळी पेटवलं तर रात्रीच्या चित्रात सापडतं. मग दुपारचा गेल्याबरोबर पेटवावं, मधला सगळा वेळ आपला. फक्त हा मधला वेळ म्हणजे एप्रिलातली भर दुपार, पाचोळा पापडासारखा आणि वारा सुटलेला. ज्या वेळी तिच्या सातव्या पिढीच्या सासूनेही काडी ओढली नसती, ती वेळ तिला तिच्या मुलाने दिली होती.

ऑफिसच्या प्रमुख सोनिका मॅडम बुलेटिन विचारायला आल्या तेव्हा नागसेन उभा राहून पुन्हा आईचा नंबर लावत होता.

"गजभिये, मसुदा झाला?"

"मॅडम, माझी आई याच्यात आहे." त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं.

मॅडम वाकल्या. बोटाखाली करडा डाग होता. "याच्यात कुठे?" त्यांनी विचारलं, आणि आपण काय विचारलं हे त्यांच्या लक्षात आलं. "जा तुम्ही. बुलेटिन मी पाहते. रजत, गाडी तू चालव. यांच्या हातात देऊ नकोस."

रजतने गाडी चाळीसच्या बरीच वर नेली आणि नागसेनला त्या दिवशी ते जाणवलं नाही. कामठी गेलं, कन्हानचा पूल गेला. मागे बसून तो मोबाइलवर पुढच्या चित्राची वाट पाहत होता. चित्र आलं की शेपूट आणखी लांब झालेलं असे. पण उपग्रहाचं चित्र खाली उतरेपर्यंत शिळं होतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तो पाहत होता तो मघाचा धूर होता. मघाच्या धुरात आई जिवंत असेल तर आत्ताच्या धुरात काय, हे चित्र सांगत नव्हतं. तरी तो पाहत राहिला. बोटांनी मोठं करून पाहिलं, तर धुराचे नुसते चौकोन झाले.

"ठेव ना तो फोन खिशात, दादा," रजत म्हणाला. "समोर पाय."

आमडी फाट्यावरून गाडी डावीकडे वळली होती आणि समोरचं अर्धं आभाळ मातकट झालं होतं. इतक्या वर्षांत नागसेनने धुराचं डोकं, शेपूट, उंची, वेग सगळं मोजलं होतं. खालून त्याला यातलं काहीच ओळखू येईना. खालून धुराला आकार नव्हता. नुसता वास होता, आणि त्या वासात गोडसर मोह मिसळलेला होता.

उमरपाणीच्या पलीकडे जंगलाच्या तोंडाशी गावातली पोरं हिरव्या फांद्यांनी जाळ ठोकत होती. जंगल खात्याचे दोन गार्ड पाठीवर ब्लोअर बांधून पाचोळा मागे उडवत होते. भैयाजी टॉवेल तोंडाला बांधून उभा होता. त्याने नागसेनला पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. नागसेनला आयुष्यात कुठल्याही गोष्टीची जितकी भीती वाटली नव्हती तितकी त्या वळलेल्या नजरेची वाटली.

"सापडली काय?"

"नाल्यापर्यंत पाहून आले पोट्टे. तिथं नाई."

"आन् झाडाखाली?"

"झाडाकडं कोण जाईन गा? तिकडूनच तं आला जाळ."

जाळ मौद्याच्या दिशेने पळत होता. त्याच्या मागे काळी, धुमसती जमीन पडली होती. झाड त्या काळ्या जमिनीच्या पार पलीकडच्या टोकाला. नागसेनने ती जमीन पाहिली आणि त्याचे पाय थांबले. हे पाय लिफ्टसमोर थांबत, कुकरसमोर थांबत. ते थांबले यात नवल नव्हतं. गार्ड ओरडला, "ओ साहेब, आत नका जाऊ." ही सूचना नागसेनने एरवी आयुष्यभर पाळली असती.

तो गेला. शूर वगैरे झाला असं कोणी समजू नये. रजत मागून चालत होता. तो सांगतो, दादा पूर्ण वेळ रडत होता आणि "माय, माय" म्हणत होता, तेही इतक्या हळू की माय शेजारी असती तरी तिला ऐकू आलं नसतं. बुटांचे तळवे गरम झाले. एक ओंडका तडकला तेव्हा नागसेनने रजतचा दंड धरला आणि मग सोडलाच नाही. प्रत्येक काळा बुंधा त्याला बसलेल्या बाईसारखा दिसत होता. जवळ गेलं की बुंधा निघे, आणि सुटकेचा श्वास घ्यावा तर तोंडात राख जाई.

पुढचा एक बुंधा खोकला.

अंजनाबाई आपल्या मोहाखाली, सगळ्यात आधी जाळलेल्या गोल तुकड्यावर, टोपली पालथी घालून बसली होती. पेटवताना वाऱ्याचा झोत आला आणि जाळ तिच्या फांदीखालून निसटून पुढे पळाला. त्याच्या मागे धावण्यात तिचं एक पाऊल भाजलं. मग ती परत फिरून या तुकड्यावर येऊन बसली, कारण इथे जळायला काही उरलं नव्हतं. लुगड्याचा पदर तिने तोंडावर घट्ट धरला होता. डोळे लाल, सुजलेले.

"तू काहून आला?" आवाज पत्र्यावर पत्रा घासावा तसा येत होता.

नागसेन तिच्या भाजलेल्या पावलाकडे पाहत होता. रजतच म्हणाला, "काकू, उठता येते काय?"

तिने रजतकडे पाहिलंच नाही. "दिसलं काय गा वरून?"

"दिसलं," नागसेन म्हणाला.

"दीड तं वाजून गेला होता."

"दुसरा हाय माय एक. तो जातच नाई. एकाच जागी बसून राह्यते वर. दिवसभर, रातभर."

अंजनाबाईने मान वर केली. मोहाच्या काळवंडलेल्या फांद्यांमधून मातकट आभाळ दिसत होतं. ती बराच वेळ पाहत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे नागसेनला आरशातून चांगलं ओळखीचं होतं.

"मंग सांगतलं काहून नाई तू?"

तेवढ्यात वारा फिरला. पुढे गेलेला धूर मागे वळला आणि भिंत ढासळावी तसा तिघांच्या अंगावर आला. जाळ येणार नव्हता, जाळासाठी खाली काही नव्हतं; पण हे डोक्याला माहीत होतं, छातीला नाही. रजत दिसेनासा झाला. नागसेन उभाच राहिला, बावळटासारखा, तोंड उघडं ठेवून. कुणीतरी त्याची मान धरून त्याला खाली दाबलं. नाक थेट राखेत. कानाशी आई खोकत होती आणि प्रत्येक खोकल्यानंतर इतका वेळ गप्प होत होती, की दर वेळी नागसेनला वाटे, हा शेवटचा. तो पुढच्या खोकल्याची वाट पाहू लागला. आयुष्यात त्याने कशाची इतक्या आशेने वाट पाहिली नव्हती. खोकला यायचा. मग पुन्हा ती गप्प व्हायची.

धूर विरला तेव्हा तिचा हात त्याच्या मानेवर तसाच होता, पण त्यात जोर उरला नव्हता.

पोरांनी तिला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. जंगल खात्याचीच जीप मिळाली; आधी पारशिवनीचा दवाखाना, मग तिथल्या सिलिंडरसकट नागपूर. जीपमध्ये ऑक्सिजनची नळी लावलेल्या आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या नागसेनच्या फोनवर बुलेटिन आलं. सोनिका मॅडमनी नेटकं लिहिलं होतं. पारशिवनी परिसरात मध्यम स्वरूपाचा धूर, वाऱ्याची दिशा अस्थिर, संध्याकाळनंतर धूर विरळ होईल, नागरिकांनी घाबरण्याचे कारण नाही. मजकुरात एकही चूक नव्हती. असं शेवटचं वाक्य नागसेन स्वतःही रोज लिहीत असे.

अंजनाबाई वाचली. पाऊल भरून आलं. छातीबद्दल डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की, आता चुलीचा धूरही नको. जंगल खात्याने तिचं नाव लिहून नेलं, त्याचं पुढे जे व्हायचं ते होईल. ती भीती नागसेनच्या रांगेत सध्या बरीच मागे उभी आहे.

पुढे उभी आहे ती वेगळीच. आई नागपुरात त्याच्या घरी राहायला आली आहे, आणि ती भिते. दुपारी गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला जात नाही. जायचंच झालं तर पदर डोक्यावरून पुढे ओढून, भिंतीच्या कडेकडेने जाते. गॅस पेटवताना आधी खिडकी लावून घेते. मोनालीने एकदा हसून विचारलं, "आई, वाघाले नाई भेल्या तुमी, आन् आता आभायाले?"

"वाघ दिसते वं," ती म्हणाली.

नागसेन हे आतल्या खोलीतून ऐकत होता. त्याच्या घरात भीतीची वाटणी लहानपणापासून ठरलेली होती. आई भीत नसे, म्हणून तो मनसोक्त भिऊ शकत असे. कुकरला, लिफ्टला, पंख्याला. त्याच्या मागे कुणीतरी न भिणारं माणूस उभं होतं. आता मागे वळून पाहिलं तर तिथे लुगड्याचा पदर पुढे ओढलेली एक बाई भिंतीला चिकटून उभी असते. रात्री ती खोकली की तो उठून बसतो, आणि नाही खोकली तर जास्तच लवकर उठून बसतो.

परवा सुट्टीच्या दिवशी तिने जेवताना हातातला घास तसाच धरून विचारलं, "आता पाहून राहिला काय तो?"

नागसेनला घड्याळ पाहण्याचं कारण नव्हतं. वरचा पाहत होता. तो नेहमीच पाहतो. नागसेन खरं सांगणार होता. मागच्या वेळी अर्धं सांगून काय झालं, ते त्याला अजून राखेच्या चवीसकट आठवत होतं. मग त्याने आईचा घास धरलेला हात पाहिला. घास अजून तोंडापर्यंत गेला नव्हता, आणि दुसऱ्या हाताने ती पदर पुढे ओढत होती.

"नाई माय," तो म्हणाला. "जेव तू."

तिने मान डोलावली, आणि खिडकीकडे पाठ करून बसली.